डब्याला रेंज

आईच्या छातीत पेसमेकर बसवला तेव्हा नगरच्या हॉस्पिटलने सोबत एक पांढरा डबा दिला. आईच्या खाटेजवळ तो ठेवायचा, म्हणजे पेसमेकरची माहिती मोबाईलच्या नेटवर्कवरून रोज डॉक्टरांकडे जाणार. सिमकार्ड तेवढं आपलं घालायचं. "पाच मिनिटांचं काम आहे," असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या.

त्या पाच मिनिटांना नऊ दिवस लागले.

सिम पेशंटच्याच नावावर हवं, म्हणून आईला गाडीत बसवून कोल्हारच्या मोबाईलच्या दुकानात नेलं. मशीन तिचा अंगठा घेईना. दुकानदार म्हणाला, "आजी, जरा जोरात दाबा." तिने दाबला. मग दुसरं बोट, तिसरं बोट. खुरपणी आणि भांडी घासण्यात बोटांवरच्या रेषा कधीच गेलेल्या. दहाही बोटं झाल्यावर ती म्हणाली, "आता पायाची देऊ का?" दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. छातीवरचे टाके अजून ओले होते, आणि मी तिला स्टुलावर ताटकळत ठेवलं होतं.

चार दिवस हॉस्पिटलला फोन करून करून शेवटी माझं नाव चालेल असं कळलं. सिम घातलं, तर ते चालू करायचा मेसेज त्याच नंबरवर आला, म्हणजे डब्यात. डब्याला स्क्रीनच नाही. सिम काढलं, माझ्या मोबाईलमध्ये घातलं, आकडे भरले, परत डब्यात घातलं. तरी दिवा लालच. मदतीच्या नंबरवर फोन केला.

"रेंज आहे का, सर?"

"आहे म्हणूनच बोलतोय ना!"

"तुम्ही आहात तिथे नको. डबा आहे तिथे."

मी ओट्यावर उभा होतो. आईची खोली घराच्या पार मागं. तिथं एक काडीसुद्धा नव्हती. घरात रेंज होती फक्त पुढच्या खोलीत, खिडकीपाशी.

"आई, खाट पुढं घेऊ."

"येणाऱ्याजाणाऱ्यासमोर मी आडवी पडू? मला न्हाई जमायचं."

इतक्या दिवसांचा सगळा राग तिच्यावर निघाला. "तुझ्यासाठीच मरतोय ना मी!" असं मी ओरडलो. संध्याकाळी दूध घालून परत आलो तर आपली गोधडी एका हातानं ओढत ती पुढच्या खोलीत निघाली होती. डावा हात उचलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी गोधडी घेतली. माफी मागायची राहिलीच; तिची खाट आणि डबा तेवढा खिडकीपाशी आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा हिरवा झाला. दहा वाजता हॉस्पिटलमधून फोन आला: माहिती मिळाली, ठोके व्यवस्थित आहेत. आईला सांगितलं.

"मला इचारलं असतं तर मीच सांगितलं असतं," ती म्हणाली. "आता एक कर. या खाटंला पडदा लाव."

खाटेची लांबी मोजली आणि पडद्याचं कापड आणायला निघालो.