बिनटोकाची सुरी

पदराचा पीळ गळ्याला बसला आणि माझा श्वास अडकला. घाम पुसायला सोपं पडतं म्हणून मी पदर गळ्याभोवती गुंडाळून मशीनवर पात्यांना धार लावत होते. त्याचं टोक मशीनच्या पट्ट्यात गेलं. सुनेने धावत येऊन बटण बंद केलं. मोटर थांबली, पण पीळ सुटेना. गाल मशीनला टेकलेला, तोंडातून शब्द निघेना. मी हात पसरला.

टेबलावर एकच सुरी होती. ती तिने उचलली आणि माझ्या पायाशी जमिनीवर ठेवली.

दोष माझाच. लग्न होऊन ती नाशिकहून इथे चेन्नईत, वेस्ट मांबलमला आली त्याच दिवशी मी तिला बजावलं होतं, "धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, भांडण लागतं. खाली ठेवायची, घेणाऱ्याने उचलायची."

ती सुरीही भांडणाचीच. नवरा गेल्यावर घरामागच्या त्याच्या शेडमध्ये सुऱ्या मीच करत होते. मुलगा पेरुंगुडीला कंप्युटरच्या ऑफिसात जायचा, त्याला लोखंडाचा वासही नको. सून मात्र येऊन बसायची. मांबलम स्टेशनाबाहेरच्या फूलवाल्या बायकांना कमरेला खोचता येईल अशी लहान सुरी हवी होती. मी जुन्या करवतीतून पातं कापलं, करंगळीएवढं. चिंचेच्या लाकडाची मूठ केली, तीन बोटांत मावेल अशी.

सून म्हणाली, "आई, टोक गोल करा. बाई वाकली की पोटात घुसेल."

"टोक नाही ती सुरी कसली? चमचा म्हण."

"मग चमचा करा. बाई तरी शाबूत राहील."

चार दिवस हाच वाद चालला. शेवटी तिचं तोंड बंद करायला मी एक सुरी गोल टोकाची घासली. तीच आता माझ्या पायाशी पडली होती, आणि मला वाकता येत नव्हतं.

मी ती पायाने तिच्याकडे ढकलली. तेव्हा तिला उमगलं. तिने सुरी उचलून पातं माझी मान आणि पदर यांच्यामध्ये सरकवलं. टोक असतं तर गळ्यात गेलं असतं. दोन हिसक्यांत कापड तुटलं.

मी खाली बसून खोकत राहिले. आवाज फुटल्यावर मी विचारलं, "हातात द्यायला काय झालं होतं?"

"तुम्हीच शिकवलंत."

"एवढी ऐकणारी कधीपासून झालीस?"

पुढे शेडमधल्या सगळ्या लहान सुऱ्या गोल टोकाच्या झाल्या. फूलवाल्या आधी हसल्या, मग मागू लागल्या. सुनेने पट्ट्यावर जाळी बसवून घेतली. पदर मी कमरेला खोचते. सुरी तिच्या हातातच देते, मूठ तिच्याकडे करून. भांडणं पूर्वीइतकीच होतात.

पातळ नवं होतं, ते गेलं. मी वाचले.