खलास म्हणजे झालं

शुक्रवार, ९ जानेवारी. हजर: चार नव्या नर्स, मेट्रन म्हणून मी, आणि त्यांना अरबी शिकवणारा आमचा फिलिपिनो फिजिओथेरपिस्ट.

तरुणपणी तो कॅनडात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा धर्मप्रचारक होता. तिथे नव्यानं आलेल्यांना घरोघरी जाऊन भाषा आणि धर्म, दोन्ही शिकवायचा. इथे जेद्दात धर्माचा शब्द काढला तर नोकरी जाईल, म्हणून नुसती भाषा. अजूनही तो खुर्चीत बसत नाही, कुणाच्या दारात आल्यासारखा उभाच असतो. त्याच्या पंथात चहा वर्ज्य, म्हणून चहा पुढे केला की पाणी मागतो. सगळ्यांना सिस्टर म्हणतो. ते नर्स म्हणून की धर्मातली बहीण म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

आज रत्नागिरीची मुलगी रडतच वर्गात आली. काल ड्रेसिंग आटोपल्यावर डॉक्टर "खलास" म्हणाले, आणि हिनं बाहेर जाऊन पेशंटच्या मुलाला सांगितलं, वडील गेले.

"आता मला घरी पाठवतील. ब्रदर, माझ्यासाठी प्रार्थना करा ना."

"अगं, इथे असलं बोलायचं नाही," मी म्हणाले.

त्यानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खलास म्हणजे झालं," तो चक्क मराठीत म्हणाला. "म्हणा, सिस्टर. दहा वेळा."

ती म्हणत राहिली. तो डोळे मिटून उभा होता. तिचं दहा वेळा म्हणून झालं तरी त्याचे ओठ हलतच होते.

वर्गाचा अहवाल आजच द्यायचा आहे. 'भाषेव्यतिरिक्त काही शिकवलं का?' या रकान्यात मी अजून काही लिहिलेलं नाही.