वाऱ्याचे खाडे

अख्ख्या मुलुंडमध्ये वाऱ्याची हजेरी घेणारा माणूस एकच, आणि त्याच्या घरी मी पोळ्या करते, हे मी गावाकडे फोनवर अजून छाती फुगवून सांगते. आमचे काका. नात्याने माझे कोणी नाहीत. सातव्या मजल्यावर एकटे राहतात, उभा जन्म विजेचे मीटर तपासण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी वारा धरला. मी साताऱ्याकडच्या पठारावरची, सातवीत शाळा सुटलेली. काम मागायला गेले तेव्हा भाकरी येते का, सुट्ट्या किती घेतेस, या सगळ्याची उत्तरं जिन्यातच पाठ केली होती. काकांनी विचारलं, "गाव कुठलं?" म्हटलं, पवनचक्क्या आहेत ना डोंगरावर, तिथलं. काका खुर्चीतून उठलेच. "वर्षातले किती दिवस बंद असतात गं त्या?" गेलं काम, असं धरून मी म्हटलं, "ठाऊक नाही." "वा!" काका म्हणाले, "ठाऊक नाही म्हणणारं माणूस या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा भेटलं. उद्यापासून ये."

काकांनी गच्चीवर स्वतःच्या हाताने एक छोटी पवनचक्की उभी केली होती. प्लॅस्टिकच्या पाइपची पाती, भंगारातली मोटर, खाली एक बॅटरी आणि बॅटरीवर गच्चीच्या दाराशी जिन्यातला एक दिवा. एवढ्या एका दिव्यावरून त्यांनी सगळ्या सोसायटीशी वाद घातला. खरं तर वाद घालायला त्यांना बाजूसुद्धा लागत नसे. कोणी चक्कीचं कौतुक केलं की काका लगेच उलटे फिरायचे: "अहो, पण पाती, खांब, बॅटरी बनवताना धूर झालाच की! तो फिटायला किती वर्षं लागतील, सांगा." दूधवाल्याला त्यांनी हा प्रश्न इतक्यांदा विचारला, की तो बिचारा पिशवी दाराला अडकवून पायातल्या चपला हातात घेऊन पळायचा. त्यांचं सगळ्यात आवडतं माणूस म्हणजे सेक्रेटरी मॅडम, कारण त्या कट्टर विरोधक. "काका, सॉरी हां," मॅडम म्हणायच्या, "पण वारा पडला की तुम्ही मेन लाइनच लावता ना? तिकडे कोळसा जळतोच. मग खर्च करून कमी काय झालं?" "प्रश्न एकदम झकास आहे!" म्हणून काका मला हाक मारायचे, "अगं, मॅडमना लाडू दे." चक्कीच्या बाजूने बोलणाऱ्यांना नुसता चहा.

शेवटी गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं आणि चक्की काढायची का, यावर काकांनी स्वतःच अट घातली. घरोघरी बायका दूधवाल्याचे, कामवालीचे खाडे कॅलेंडरवर मांडतात, तसे वर्षभर वाऱ्याचे मांडायचे. सकाळी दिवा पेटलेला दिसला तर वारा कामावर, विझलेला दिसला तर खाडा, आणि मग मेन लाइनचं बटण दाबायचं. खाडे निम्म्याहून जास्त भरले तर चक्की खाली. काकांचे गुडघे गेलेले, म्हणून वर जाऊन बघायचं आणि कॅलेंडरवर मांडायचं काम माझं. "तू आता मीटर-रीडर," काका म्हणाले. माझ्या हातात पेन्सिल आली ती शाळेनंतर पहिल्यांदाच.

चार महिने मी चोख मांडलं. मग मे महिन्यात आई आजारी पडली आणि मी बारा दिवस गावाला राहिले. माझे खाडेही काका त्याच कॅलेंडरवर मांडायचे, त्यांचे पैसे कापले जाणार असं धरूनच परत आले. आधी कॅलेंडर पाहिलं. बाराही चौकटी कोऱ्या. "काका, माझे खाडे?" "आई आजारी असताना खाडा कसला?" एवढंच बोलले आणि पेपरात डोकं घातलं. त्या दिवसापासून माझी पेन्सिल अडली. माझे खाडे ज्यांनी मांडले नाहीत, त्यांच्या वाऱ्याचे मी कशी मांडणार? दिवा विझलेला असला तरी मी बटण दाबून गपचूप खाली यायचे. चौकट कोरी.

वर्षअखेरीच्या रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. मी कॅलेंडर धरून उभी. मॅडमनी पानं उलटली आणि ऑक्टोबरवर थांबल्या. "एक खाडा नाही? काका, ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे पान हलत नाही! हे कोणी लिहिलं?" काकांनी पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "जबाबदारी माझी आहे," ते म्हणाले, "लिहा, माझी चूक." ज्या माणसाने दुधाच्या मापातसुद्धा कधी खोट सोसली नाही, तो सगळ्यांदेखत खोटा ठरत होता. आपलं काम जाणार हे मला दिसत होतं, तरी मी म्हटलं, "मॅडम, पान पालटा."

मागच्या बाजूला चकलीची कृती होती आणि तिच्या कडेने पेन्सिलीने बारीक लिहिलेल्या तारखा. वारा न आलेली प्रत्येक सकाळ. पुढे लिहायचं धाडस झालं नाही आणि न लिहिता झोप लागली नाही, म्हणून दर महिन्याच्या पाठीवर मांडून ठेवल्या होत्या. सगळे धरले तर खाडे निम्म्याच्या पुढे गेले.

काका लग्नात मुलीकडे बघावं तसे कॅलेंडरकडे बघत होते. "मॅडम, तुम्ही जिंकलात. पण हे बघा. पुढच्या पानावर खोटं, मागच्या पानावर खरं! बहुतेक लोक मागचं पान ठेवतच नाहीत हो. इतकी वर्षं मीटर पाहिले, आपल्याच विरुद्ध जाणारं रीडिंग जपणारं माणूस आज पाहिलं." मग लगेच, "आणि एका गच्चीवरून तिच्या डोंगरावरच्या चक्क्यांचा निकाल लावू नका. इथला वारा चार टॉवरनी अडवलाय." "तो वाद पुढच्या रविवारी, काका," मॅडम म्हणाल्या, पण हसून. आणि जाताना माझ्या हातात हात दिला.

चक्की उतरली. तिची पाती आता काकांच्या कपाटावर आहेत. पण काकांची सवय गेली नाही. रोज सकाळी मी आत येताच विचारतात, "आज आहे का गं?" मी गच्चीवर जाते, कठड्याशी उभी राहते. गावाकडे तो असणार हे मला माहीत असतं. इथे असला नसला ते खाली येऊन खरं खरं मांडते. काकांना हल्ली मी मांडलेली चौकटसुद्धा भिंग लावून बघावी लागते.

मागच्या महिन्यात चार दिवस गावी गेले होते. जाताना हट्टाने सांगून ठेवलं होतं, काका, या वेळी माझे खाडे मांडा. आल्यावर कॅलेंडर पाहिलं. चार चौकटींवर आडवं, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: "वाऱ्याची नोंद नाही. बघणारी गावाला."