चाकाचे वीस फेरे

माझा नवरा कौलं चाळताना छपरावरून पडला आणि त्याच्या कमरेखालचा जीव गेला. त्याच्या आठवडाभर आधी आमची जीप ओरडायला लागली होती. किन्हवली ते शहापूर सीट भरून चालवायचे हे. वाशिंदचा मेकॅनिक म्हणाला होता, मागच्या चाकांमधल्या गोल हौसिंगच्या आतल्या गियरचे दात गेलेत, भंगारातल्या गाडीचे मिळतील, पण रेशो तोच पाहिजे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला गाडीखालचा दांडा किती फिरतो तो आकडा. रेशो लिहिलेली पट्टी गंजून गेलेली.

चार महिने जीप अंगणात उभी होती. एक दिवस पडवीतल्या खाटेवरून हे म्हणाले, "रेशो घरी काढता येतो. मी सांगतो, तुमी दोघी करा."

मी पुढच्या चाकांना दगड लावले. गियर न्यूट्रलला टाकला. हँडब्रेक काढून मागचं एकच चाक जॅकवर उचललं. सासूबाईंनी तंबाखूच्या डबीतला चुना काढून चाकावर आणि गाडीखालच्या लांब दांड्यावर एकेक रेघ ओढली. मी चाक फिरवायचं, त्यांनी वाकून दांड्याचे फेरे मोजायचे.

पहिल्यांदा त्यांची मोजणी चुकली. दुसऱ्यांदा माझी. "एवढं पन जमत नाय?" हे खाटेवरून ओरडले, आणि मग दोन्ही हातांनी खाटेची दोरी घट्ट धरून बसले. त्यांना उठून यायचं होतं, ते मला दिसत होतं. मी मान खाली घालून पुन्हा चाकाला हात लावला.

तिसऱ्यांदा चाकाचे वीस फेरे झाले, दांड्याचे त्रेचाळीस.

"म्हंजे दोनाच्या वर थोडा," मी म्हटलं.

"नाय गो. दुसरं चाक जमिनीवर हाय ना? मग उचललेलं दुप्पट फिरतं, विसाचे दहाच धरायचे. चार पॉइंट तीन!"

कित्येक दिवसांनी ह्यांचा आवाज असा ऐकला. त्या दिवशी ह्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळी मी मेकॅनिकला फोन केला. तासाभरात त्याचा उलटा फोन आला, तसाच गियरचा जोड मिळाला होता. मी पडवीत जाऊन सांगितलं. ह्यांनी जीपकडे बघितलं.

"नको सांग त्याला."

"का वो?"

"चालवनार कोन?"

"मी शिकेन."

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी खाटेशी उभी राहिले. चालवणार कोण हा प्रश्न मला आधीच पडला होता, सासूबाईंनाही पडला असणार. तरी आम्ही दोघी चिखलात गुडघे टेकून फेरे मोजत बसलो होतो.

मेकॅनिकचा आणखी दोनदा फोन आला. नंतर तो जोड दुसऱ्या कुणी नेला. दिवाळीनंतर मुरबाडच्या एका माणसानं जीप घेतली, ट्रॅक्टरला बांधून ओढत नेली. त्या दुपारी हे म्हणाले, "खाट आत घ्या." मी आणि सासूबाईंनी ती उचलून आतल्या खोलीत ठेवली. तिथे खिडकी नाही. पुन्हा पडवीत या म्हणून मी किती वेळा विनवलं. हे आले नाहीत.