सगळ्या घराण्याचा ईसीजी

एका माणसाचा ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात. आमच्या घराण्याचे काढायला मला चार महिने लागले! तेवढ्यात किस्से इतके साचले की कुठून सुरू करावं तेच कळत नाही.

नातीपासून करतो. सानू, अकरा वर्षांची. शाळेत पळता पळता तीनदा धाडकन पडली. आमच्या पुंडलिकनगरात सगळेच डॉक्टर! कुणी कांदा हुंगवला, कुणी चप्पल. शेजारणीनं नजर काढली. शेवटी दवाखान्यातल्या मॅडमनी ईसीजीचा कागद बघितला अन् म्हणाल्या, "आजोबा, हिच्या ठोक्यांची लय बिघडते. हे रक्तातून येतं. गोळीनं सांभाळता येतं. पण ज्याला माहीतच नसतं, तो एखाद्या दिवशी पडतो अन् उठत नाही. घरातल्या सगळ्यांना आणा."

*

घरी आल्यावर पहिला प्रश्न काय? आजार कुणाकडून आला!

पडेगावच्या व्याह्यांना फोन केला. ते तडकलेच. "आमच्याकडून नाय हां! आमच्यात सगळे शुगरनंच जातात!"

दुसऱ्या दिवशी माझाच कागद वाकडा निघाला. सुनेनं लगेच माहेरी फोन लावला. सानू मात्र खूश. गोळ्यांची डबी माझ्यापुढं धरून म्हणाली, "आबा, आता आपण पार्टनर!"

*

मग बिडकीनला धाकट्या भावाला, रावसाहेबला सांगितलं. त्याच्या घरात पोरं-नातवंडं धरून सात जण. महिनाभर "उद्या येतो, उद्या येतो." मग एके दिवशी मोबाईलवर एका रिपोर्टचा फोटो आला. सगळं नॉर्मल! खाली पेनानं सात नावं लिहिलेली.

मी फोन लावला. "अरे, हे काय?"

"दादा, रक्त एकच हाय ना? मंग सातदा कशाला काढायचा?"

"बरं, काढला कुणाचा?"

"जावयाचा. त्याच्या कंपनीत आयताच निघतो!"

कपाळावर हात मारला.

*

शेवटी मीच टेम्पो करून सातही जणांना आणलं. दवाखान्यात पोचले तर सगळ्यांची तोंडं सुकलेली. तपासणी म्हणजे उपाशीपोटी, असं रावसाहेबनं परस्पर ठरवलेलं! एकानं तर लघवीची बाटलीही भरून आणली होती.

मशीनवरचे शकीलभाई म्हणाले, "चच्चा, दिल का कागज निकालना है. रोजा रखने कू किसने बोला?"

सगळे हसले. सातांतले दोघं सापडले, तेव्हा हसणं थांबलं.

*

उरली आक्का, माझी थोरली बहीण. ऐंशीची. तिची नात पोलीस भरतीसाठी रोज मैदानावर धावते, म्हणून माझा जीव टांगणीला. पण आक्का ऐकेल तर शपथ! "पोरीच्या सोयरिकीत बिब्बा घालतो का रं नाम्या?"

तीन चकरा मारल्या, तेव्हा दोघी आल्या. नातीचा कागद सरळ निघाला. आक्काचा मात्र वाकडा.

मॅडमनी सगळ्यांना विचारला होता तोच प्रश्न आक्काला विचारला. "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?"

आम्ही सगळ्यांनी "नाय" सांगितलं होतं. मी पण.

आक्का म्हणाली, "अचानक नाय. आमचा भानू गेला, पण तो विहिरीत. त्याला आसरांनी नेला."

भानू आमचा मधला भाऊ. सोळा वर्षांचा, पट्टीचा पोहणारा. उडी मारली अन् वर आलाच नाही. पाण्यातल्या आसरांनी ओढला, असं सगळे म्हणाले. तेव्हापासून आक्का दरवर्षी विहिरीवर हिरव्या बांगड्या अन् हळदकुंकू ठेवते. अन् "मार उडी" असं त्याला मीच म्हणालो होतो, म्हणून बापानं मला बैलाच्या कासऱ्यानं झोडपलं होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवला. "आजी, तो बुडाला नसेल. हाच आजार असेल. उडी मारल्यावर पाण्यात त्याचं हृदयच थांबलं असेल."

आक्का तपासणीच्या टेबलावरून उतरली, पदर सावरला, अन् शकीलभाई, मॅडम, नात, सगळ्यांसमोर माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली.

"नाम्या, मंग बापानं तुला उगाच झोडलं की रं!"