मागच्या खोलीतली फुलपाखरं

दादाला क्षय झाल्याचं कळलं तेव्हा तो मुंबईला प्राणिशास्त्र शिकत होता. शेवटची परीक्षा थोड्याच महिन्यांवर आली होती. सुरुवातीला तो सांगायचा, साधा खोकला आहे, वसतिगृहाच्या ओलीनं धरलाय. मग रुमालावर रक्त दिसलं. आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, पनवेलच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. ते रजा टाकून गेले आणि दादाला घाटावरच्या एका आरोग्यधामात ठेवून आले. वर्षभरानं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या, मोकळी हवा द्या, दूध-अंडी द्या. आशा उरली नाही की ते असं सांगतात, हे अण्णांना तिथल्या फेऱ्यांमधून कळलं होतं. स्वातंत्र्य मिळून तेव्हा वर्षही झालं नसेल.

विहिरीच्या पलीकडे सरपणाची खोली होती. ती रिकामी करून, चुना मारून दादाला दिली. त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, उशाशी फिनेल घातलेलं थुंकीचं भांडं. आई अंडी शिजवायची ती अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, आणि नंतर आंघोळ करायची. मी मॅट्रिक झाले होते. पुढे शिकायचं मनात होतं, पण घरात दुखणं असताना तो विषय कोणी काढला नाही, मीही नाही. दादाच्या खोलीची देखभाल माझ्याकडे आली.

त्याच्या सामानात ट्रंकेबरोबर काचेच्या झाकणाच्या तीन पेट्या होत्या. आत फुलपाखरं आणि पतंग, ओळीनं टाचलेले. कॉलेजात असताना सुट्टीच्या दिवशी तो आणि त्याचे मित्र बोरिवलीच्या जंगलात जाऊन ती धरत. दोनतीन ठिकाणी पंख गळून नुसत्या टाचण्या उभ्या होत्या. आल्यावर पहिले काही दिवस दादा भिंतीकडे तोंड करून पडून असे. एका सकाळी मी केर काढत असताना तो म्हणाला, "त्या पेटीला मुंग्या लागल्यात. टेबलाचे पाय पाण्यात ठेव."

मी चार वाट्यांत पाणी घालून, वर रॉकेलचे थेंब टाकून टेबलाचे पाय त्यात उभे केले. आल्यापासून त्यानं आपणहून सांगितलेलं ते पहिलं काम.

त्यानंतर हळूहळू तो मला शिकवू लागला. त्याला उठवत नव्हतं, चार पावलं चाललं की धाप लागे. म्हणून धरायचं काम माझं. मच्छरदाणीच्या तुकड्याची जाळी मी शिवली आणि वेताच्या काठीला बांधली. तळ्याच्या काठानं, शिरढोणच्या वाटेवरच्या आंबराईत, नदीच्या ओल्या वाळूत मी फिरू लागले. नदीकाठी उन्हात फुलपाखरं घोळक्यानं पाणी पीत बसत. जाळीत आलं की पंख मिटलेल्या अवस्थेत छातीशी दोन बोटांत दाबायचं. आत काहीतरी बारीकसं मोडल्यासारखं जाणवतं आणि ते थांबतं. पहिल्या वेळी मी इतकं जोरात दाबलं की पंखाची सगळी भुकटी हाताला लागली. घरी येऊन मी बराच वेळ हात धूत राहिले. पुढे सवय झाली. मेलेलं फुलपाखरू वर्तमानपत्राच्या तिकोनी पुडीत घालायचं आणि दादाकडे आणायचं.

तो उशीला टेकून बसायचा आणि मांडीवर पांगाऱ्याच्या लाकडाची फळी घ्यायचा. फळीत मधोमध एक पन्हळ होती. त्या पन्हळीत फुलपाखराचं अंग बसवायचं, पितळी टाचणी छातीतून सरळ खाली उतरवायची, मग सुईच्या टोकानं पुढचे पंख वर ओढायचे आणि कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवायचे. ते करताना त्याला खोकला येत नसे. निदान मला तसं वाटायचं. उन्हाळ्यात आठवड्यात पंख वाळत. पावसाळ्यात मात्र पनवेलची हवा अशी की सकाळी पाहावं तर अंगावर पांढरी बुरशी. मग मी शेगडीत कोळसे फुलवून फळ्या तिच्या बाजूला मांडायची आणि पेट्यांत डांबराच्या गोळ्या वाढवायची. त्या वासानं दादाचा घसा दुखे. तरी तो खिडकी उघडू देत नसे, ओल आत येईल म्हणून.

गावात हे लपून राहणार नव्हतंच. रोडपालीची एक म्हातारी आमच्याकडे भाजी घालायची. तिनं मला नदीवर पाहिलं आणि आमच्या ओटीवर टोपली उतरवताना विचारलं, "पोरी, त्या पाखरानी तुजा काय केलाय?"

"दादाला हवी असतात," मी म्हटलं.

"त्याला बरा नाय ना? मंग नको मारू. आमी आजाऱ्याच्या घरात मुंगी पन नाय मारीत."

आई आतून ऐकत होती. म्हातारी गेल्यावर ती मला म्हणाली, "तिला कळतं ते तुला कळत नाही." आणि पुढे, "जीव घेऊन जीव वाचत असतो का गं?" दादाला ती काही बोलली नाही. त्याच्याशी ती दारातूनच बोलायची, तेही जेवणापुरतं.

त्या वर्षी पेणहून काही मंडळी मला पाहायला यायची होती. आलीच नाहीत. मध्यस्थ बाईंनी आईला सांगितलं की घरातल्या आजाराचं त्यांच्या कानावर गेलं आहे, आणि मुलगी जाळी घेऊन रानात फिरते हेही. "आजाराचं एक वेळ झाकता येतं," त्या म्हणाल्या, "पण फिरणं बंद करा." अण्णांनी मला बोलावलं तेव्हा मला वाटलं, आता जाळी मोडणार. ते म्हणाले, "कर्नाळ्याच्या डोंगरात मोठा पतंग मिळतो म्हणे. हा सारखं त्याचंच बोलतोय. रविवारी जाऊ."

दिवाळी होऊन गेली होती. आम्ही मोटारीनं पायथ्याशी उतरलो. अण्णांनी धोतर खोचलं होतं आणि हातात छत्री होती. दादानं सांगितलं होतं, पतंग आता दिसणार नाही, त्याचा कोश शोधा. वाळकं पान गुंडाळल्यासारखा दिसतो आणि फांदीला घट्ट लटकलेला असतो. माझ्यापेक्षा अण्णाच जास्त शोधत होते. कचेरीत खाली मान घालून बसणारा तो माणूस झाडाझाडाखाली थांबून वर पाहत होता, छत्रीच्या मुठीनं फांद्या ओढत होता. एका जागी ते टेकले. मला म्हणाले, "तू रोज त्याच्याजवळ असतेस. वाचेल असं वाटतं तुला?"

मी म्हटलं, "वाटतं."

"मला नाही वाटत," ते म्हणाले. इतक्या साध्या आवाजात की जणू आज बस मिळणार नाही असं सांगत होते. मग उठले आणि पुन्हा शोधायला लागले. कोश त्यांनाच सापडला. मुठीएवढा, तपकिरी, कानाशी हलवला की आत जड काहीतरी हलायचं.

दादानं तो फांदीसकट खोलीच्या आढ्याला टांगायला लावला. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, कोश तसाच. दादाचं वजन उतरत होतं. त्याचे हात इतके वाळले की टाचणी धरताना बोटांची हाडं वेगवेगळी दिसत. उन्हाळ्याअखेरीस गावातल्या डॉक्टरांनी अण्णांना सांगितलं की क्षयावर नवी इंजेक्शनं निघाली आहेत, मुंबईत मिळतात, करून पाहायला हरकत नाही. अण्णा कुठून आणि कसे ती आणत ते मला कळलं नाही. आषाढात इंजेक्शनं सुरू झाली. दादाला त्या इंजेक्शनांनी गरगरायचं, कानात आवाज यायचा.

अशाच एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर तो उठून बसला होता आणि बोटानं मला गप्प राहायला सांगत होता. कोशाचं तोंड ओलं झालं होतं. त्यातून केसाळ, लठ्ठ अंगाचं काहीतरी बाहेर येत होतं. पंख चुरगळलेल्या कापडासारखे. ते फांदीला लटकून राहिलं आणि पंख हळूहळू उतरू लागले, पसरू लागले. माझे दोन्ही तळवे शेजारी ठेवले तरी झाकले नसते एवढे. विटकरी रंग, मध्ये काचेसारख्या आरपार खिडक्या. "याला तोंडच नसतं," दादा हळूच म्हणाला. "काही खात नाही. थोडे दिवस जगतं, तेवढंच."

मी आईला हाक मारली. ती पहिल्यांदाच उंबरठ्याच्या आत आली. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि हात जोडले. "सोड त्याला," ती दादाला म्हणाली. "एवढं एक सोड. तुझ्या नावानं सोड."

दादा पतंगाकडेच पाहत होता. "आई, पंख वाळले की ते फडफडायला लागेल. मग कडा फाटतात. मग उपयोग नाही."

"उपयोग कसला रे?"

तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बिस्किटांचा मोठा डबा आण. आणि डॉक्टरांनी दिलेली बाटली."

त्या बाटलीत क्लोरोफॉर्म होतं. मी कापूस भिजवून डब्यात टाकला. दादाच्या छातीला वास लागू नये म्हणून डबा विहिरीजवळ नेला आणि झाकणावर हात दाबून बसले. आत पंखांचा पत्र्यावर आवाज होत होता, मग तो थांबला. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. त्यानंतर ती दादाच्या खोलीकडे फिरकली नाही. ताट मीच नेत असे.

आणि दादा बरा झाला. हे सांगताना मला आजही जरा चुकल्यासारखं होतं, कारण आम्ही कोणीच त्याची तयारी केली नव्हती. ताप उतरला, रक्त थांबलं, तो आधी विहिरीपर्यंत, मग तळ्यापर्यंत चालू लागला. पुढच्या वर्षी छातीचा फोटो काढला तो स्वच्छ निघाला. अण्णा तो फोटो हातात घेऊन ओटीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. दादानं राहिलेली परीक्षा दिली आणि त्याला विदर्भात कॉलेजात नोकरी मिळाली. इकडे पेट्या वाढून सतरा-अठरा झाल्या होत्या. पण तो आता पांगाऱ्याच्या फळीला हात लावत नव्हता. मी आणलेल्या पुड्या तशाच पडून राहत, शेवटी मीच त्या लावू लागले. मी लावलेले पंख त्याच्यासारखेच नीट बसत. माझं त्यात मन रमू लागलं होतं.

मग त्याच्यासाठी ठाण्याचं स्थळ आलं. मुलीकडच्यांना सांगितलं होतं की मुलगा परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी राहिला होता. लग्न ठरलं आणि एका दुपारी दादानं पेट्या अंगणात काढायला सुरुवात केली. मला वाटलं, ऊन दाखवतोय. त्यानं काचा सुट्या करून बाजूला उभ्या केल्या आणि चुलीतलं जळतं लाकूड आणलं.

"हे काय करतोस?"

"जाळायला हवं. मंडळी घर पाहायला येतील."

"माझ्या खोलीत ठेवते मी. कॉटखाली. कोणाला दिसणार नाहीत."

"तुला कळत नाही," तो म्हणाला. "प्रत्येक पंखावर मी खोकलोय. उद्या घरात बाई येणार, मुलं होणार."

"त्यातली निम्मी मी लावलीत. तू बरा झाल्यावर."

तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं त्यानं. रागावून नाही. "ती पाहिली की मला तो खोकला ऐकू येतो गं," तो म्हणाला. "मला जगायचंय." आणि लाकूड पहिल्या पेटीला लावलं.

पंख जळताना आवाज झाला नाही. डांबराच्या गोळ्यांचा काळा धूर मात्र विहिरीवरून शेजारच्या अंगणात गेला आणि तिथून कोणीतरी ओरडलं, काय जाळताय म्हणून. आई दारात उभी होती. "बरं झालं," ती म्हणाली, पण आनंदानं नव्हे. ती जवळ येऊन माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. तशी ती कधी उभी राहत नसे.

लग्न नीट झालं. वहिनी चांगली होती. ती दोघं विदर्भात राहू लागली, त्यांना दोन मुली झाल्या. माझं लग्न झालं नाही. आधी स्थळं येत नव्हती, नंतर वय झालं. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळाली आणि मी आईवडिलांजवळ राहिले. जाळी मी पुन्हा हातात घेतली नाही. कोणी मनाई केली नव्हती. घेऊन काय करायचं ते कळेना, एवढंच. आई आधी गेली. अण्णा त्यानंतर सातआठ वर्षांनी.

अण्णांच्या दिवसांना दादा आला होता. तेरावा झाल्यावर सगळे पाहुणे गेले आणि आम्ही दोघं दुपारी ओटीवर बसलो होतो. त्याचे केस पिकले होते, अंगानं चांगला भरला होता. कॉलेजात त्याच्या हाताखाली बरीच मुलं शिकत होती. तो म्हणाला, "आमच्या प्रयोगशाळेत फुलपाखरांचा संग्रह नाही. माझा राहिला असता तर किती कामाला आला असता." मग, "जाळायला नको होता. तू तरी मला अडवायचं होतंस."

"अडवलं होतं," मी म्हटलं.

तो विचारात पडला. "नाही गं," तो म्हणाला, "तू नव्हतीस तिथे. मी एकटाच होतो अंगणात."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसंच आठवत होतं. आत अण्णांचे कपडे वेगळे काढायचे होते, कुठले द्यायचे ते ठरवायचं होतं. मी उठले. तोही माझ्या मागोमाग आला आणि आम्ही दोघांनी मिळून कपाट रिकामं केलं.