राहिलेली अकरा पानं

आमच्या घरी त्या साली एकच बैल उरला होता. दुसरा पोळ्याच्या आधी पोट फुगून मेला. एका बैलावर शेत होत नाही, म्हणून बाप उरलेला बैल घेऊन दुसऱ्याच्या जोडीला जायचा. आधी त्यांची पेरणी, मग वाफसा उडून जमिनीची ओल गेल्यावर आमची. जवारी गुडघ्याएवढीच राहिली. आई कण्या शिजवायची, वर अंबाडीची भाजी. पोट भरलं असं मी म्हणायचो, ते आईनं विचारलं म्हणून.

त्यातच अक्का परत आली. माझी थोरली बहीण, सोनपेठकडं दिलेली. कडेवर वर्षाची पोर, हातात गाठोडं. मुलगी झाली म्हणून सासूनं तिला काढून दिलं होतं. गावात कुणी विचारलं की आई म्हणायची, "माहेरपणाला आलीय."

मी दहा वर्षांचा होतो. बोरीच्या शाळेत जायचो, म्हणजे जायला निघायचो. राज्य निजामाचं, शाळा उर्दूची. घरात उर्दूचा एक शब्द कुणाला येत नव्हता आणि मास्तरांचा हात फार चालायचा. मराठीचा एक तास असे. त्यात पाटीवर अक्षरं गिरवली, फळ्यावरच्या ओळी वाचल्या, की झालं. मराठी पुस्तक शाळेत नव्हतंच. मी वाटेतच कापसाच्या शेतात शिरून बसायचो. अक्का वेचणीला गेली आणि मी नेमका तिला सापडलो.

"आरं, शाळा सुटली का तूच सुटलास?"

"मला न्हाई वाचायचं. डोकं दुखतंय."

"डोकं असंल तर दुखंल," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडून दिवसभर कापूस वेचून घेतला. बापाला मात्र सांगितलं नाही.

दिवाळीच्या आधी ती गावातल्या एका मोठ्या घरी सारवायला गेली होती. संध्याकाळी तिथून भाकरी मिळायची. त्या दिवशी भाकरीऐवजी एक पुस्तक घेऊन आली. अडगळीतलं, दोन्हीकडचे पुठ्ठे गेलेलं. आई चिडली. अक्का माझ्यासमोर बसली.

"हे मला वाचून दाखव. तुझ्या शाळेसाठी न्हाई. मलाच ऐकायचंय."

मला कुणी कधी असं काही मागितलं नव्हतं. मी पुस्तक हातात घेतलं आणि उर्दूचं पुस्तक उघडतात तसं उजवीकडून उघडलं. दुसरं मला माहीत नव्हतं. गावात पोथी होती, पण तिची पानं सुटी. शिवलेलं मराठी पुस्तक मी पहिल्यांदाच बघत होतो. असं आम्ही ते शेवटाकडून सुरू केलं.

रोज एक पान. मी बोट ठेवून, अडखळत वाचायचो. पानाच्या सुरुवातीचं वाक्य अर्धंच असायचं, शेवटचंही अर्धं. मला वाटलं, पुस्तकातली माणसं अशीच बोलत असतील. वरचे आकडे रोज कमी व्हायचे. मी समजलो, किती पानं राहिली ते सांगतात. मला बरंच वाटायचं, काम उरकत चाललंय म्हणून.

गोष्ट एका बाईची होती. पहिल्या दिवशी ती म्हातारी होऊन विहिरीच्या कडेला बसली होती आणि गाव तिच्या पाया पडत होतं. अक्का म्हणाली, "का बरं पडत असतील?" मला कुठं ठाऊक! आठ-दहा पानांनी कळलं, ती विहीर तिनं खणली होती. मग अक्का म्हणाली, "एकटीनं? तिचं कुणी न्हाई का?" पुढं कळलं, ती परक्या गावाहून एकटी चालत आली होती. अक्का रोज काहीतरी विचारायची आणि त्याचं उत्तर कधी ना कधी पुढच्या पानांत सापडायचं. मला त्याची चटकच लागली. मी शाळेतून पळत घरी येऊ लागलो. शाळेतूनच, कापसातून नव्हे. शाळेत वाचायला उभं केलं तरी मास्तरांची भीती कमी वाटू लागली.

एका दुपारी तिनं विचारलं, "भाऊ, ह्या बाईनं घर सोडलं, का तिला काढलं?"

"अजून आलं न्हाई."

"येईल की. कळलं पायजे मला."

पोर मांडीवर झोपली होती.

माघात सासरची माणसं गाडी घेऊन आली. सासू आजारी पडली होती, घरात करायला कुणी नव्हतं. बाप म्हणाला, "नेतायत हेच लय झालं." आईनं ओटी भरली. गाडी जुंपेपर्यंत अक्का मला घेऊन गोठ्यात बसली.

"आजचं पान वाच."

मी वाचलं. बाईनं घर सोडलं का तिला काढलं, ते त्यातही कळलं नाही. बाई वेशीबाहेर चालत होती एवढंच. अक्कानं लुगड्याच्या काठाचा दोरा काढून त्या पानात घातला.

"उरलेली तशीच ठेव. मी आल्यावर वाचू. एकटा वाचशील तर बघ!"

अकरा पानं राहिली होती.

ती आली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात तापानं गेली. निरोप आला तेव्हा सगळं उरकलं होतं. बाप जाऊन तिची पोर घेऊन आला. पुस्तक आईनं उतरंडीच्या मडक्यात ठेवलं. मी हात लावला नाही. तिनं बजावलं होतं ना.

पुढं परभणीच्या शाळेत गेलो. तिथं मराठीच्या मास्तरांनी पुस्तकं वाटली आणि मी उजवीकडून उघडलं. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. मग कळलं, अक्काला मी सगळी गोष्ट उलटी वाचून दाखवली होती. मधल्या सुट्टीत मी भाकरीचं फडकं सोडलंच नाही.

सुट्टीत घरी आलो. दोरा काढला आणि ती अकरा पानं, या वेळी पहिल्यापासून, वाचली. दुसऱ्याच पानावर लिहिलं होतं: बाईला कुणी काढलं नव्हतं. ती आपल्या पायांनी निघाली होती.

सरळ वाचलं असतं तर अक्काला हे दिवाळीतच कळलं असतं. कळून ती गाडीत बसली नसती का? मला माहीत नाही. बसलीच असती बहुतेक. पण ऐकून तरी बसली असती.

भाची सात वर्षांची झाली, तेव्हा तीही पाटी फेकायची. हैदराबादहून कॉलेजच्या सुट्टीत आलो की मी तिला तेच पुस्तक द्यायचो आणि मुद्दाम शेवटचं पान काढायचो.

"मामा, हिच्या पाया का पडायलेत?"

"तूच वाच."

तिला एक वर्ष लागलं. एका सकाळी ती उंबऱ्यावर बसून दुसरं पान, बाई आपल्या पायांनी निघते ते, मोठ्यानं वाचत होती. आई चुलीपाशी होती. तिनं फुंकणी खाली ठेवली आणि पूर्ण ऐकलं.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी चौथीही कुणी झालं नव्हतं. पदवीचा कागद उर्दूत आहे, तो घरात मला एकट्यालाच वाचता येतो. मराठी पुस्तक माझी भाची वाचते.